तीन सूत आखूड दार

सगळं चष्म्यावरून झालं.

वहिनींचा चष्मा दोन दिवस सापडत नव्हता. तसं त्या घरात काही सापडलं तरच नवल. पुढची खोली म्हणजे आत्याचं शिवणकामाचं दुकान. मधोमध मशीन, मशीनमागे भिंतीला टेकून कपड्यांचे ढीग. एक शिवायचा, एक शिवून झालेला, एक बटणं लावायची राहिलेला आणि एक असा, की तो कशाचा आहे हे खुद्द आत्यालाही ठाऊक नव्हतं. खुर्चीवर पडदे, पलंगावर शाळेचे गणवेश, खिडकीच्या कठड्यावर रिळं. वहिनींना स्वतःच्या घरात बूड टेकायचं झालं, तर आधी कुणाची तरी पँट उचलावी लागायची.

दोघींनी घर पालथं घातलं. मग आत्याला आठवलं. कोटवाल्या साहेबांचा कोट खुर्चीच्या पाठीवर होता, खुर्चीवर एक चष्मा होता, आणि साहेबच विसरले असतील असं समजून तिने मोठ्या प्रामाणिकपणे तो कोटाच्या खिशात ठेवला होता. कोट गेला होता आणि साहेब बाहेरगावी होते.

"आज चष्मा गेला," वहिनी म्हणाल्या, "उद्या मीच जाईन एखाद्याच्या खिशातून. चिंध्यांत राहून राहून माझी चिंधी झालीय वन्सं. मुलगा कधीचा बोलावतोय. जाते मी त्याच्याकडे."

यावर काय म्हणायला हवं होतं, हे कुणालाही सांगता आलं असतं. आत्या म्हणाली, "जा की. अडवलंय कुणी?"

वहिनी गेल्या. एक पिशवी घेऊन गेल्या आणि ट्रंक ठेवून गेल्या. दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, "महिन्याने येते ट्रंक न्यायला. तिकडे करमलं तर करमलं." आत्याने मशीनवरून मान वर केली नाही. तेव्हा ती एक शिवण घालत होती, आणि ती शिवण इतकी वाकडी गेली की संध्याकाळी सगळी उसवावी लागली.

आत्या ही वहिनींची धाकटी नणंद. भाचा आत्या म्हणायचा म्हणून सगळी गल्ली आत्या म्हणू लागली. आता तर तिच्याहून मोठी माणसंही म्हणतात. वय सत्तावन्न, अंगाने शिडशिडीत, गळ्यात कायम मेणकापडी टेप आणि नाकावर कायम राग. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "मापात बसणारा मिळाला नाही." बत्तीस वर्षं ती भाऊ-भावजयीच्या घरी राहत होती. सहा वर्षांपूर्वी भाऊ गेला, भाचा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, आणि घरात उरल्या या दोघी. एकमेकींना "अहो-जाहो" करत भांडायच्या. सकाळचा चहा कुणी करायचा यावर कधी वाद झाला नाही, कारण तो नेहमी वहिनींनीच केला. आत्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, चांगला नाही की वाईट नाही.

आत्याची खोड ही होती. तिच्या तोंडून "करा", "आणा", "सरका" असले शब्द सटासट यायचे. "कराल का?", "आणाल का?" हे मात्र तिला जमत नसे. विचारलं आणि समोरच्याने नाही म्हटलं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. एवढ्या एका भीतीपायी बाईने आयुष्यभर फुकटचा खाष्टपणा वागवला.

वहिनी गेल्यावर पहिले चार दिवस आत्याला वाटलं, झकास झालं. पाचव्या दिवशी तिने स्वतः चहा केला आणि तो बेसिनमध्ये ओतून दिला. आठव्या दिवशी ती रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "अहो, कात्री पाहिलीत का?" मग तिची तीच शरमली. रविवारी वहिनींचा फोन आला. "बऱ्या आहात ना?" "बरी आहे. तुम्ही?" "बरी." फोन ठेवल्यावर घर तिला खायला उठलं.

वहिनी परत याव्यात असं तिला फार वाटत होतं. पण "या" म्हणणं तिच्या हातून होणार नव्हतं, हेही तिला माहीत होतं. तिने तिच्या डोक्याप्रमाणे विचार केला. वहिनींचं भांडण माझ्याशी नाही, ढिगांशी आहे. ढीग गेले तर वहिनी येतील. आणि ढीग जायला हवे असतील तर कपाट हवं.

मशीनमागच्या भिंतीला लागून जागा होती, पण चिंचोळी. तिथे उघडमिट दारांचं कपाट ठेवलं तर दार येऊन आत्याच्या खुर्चीवर आपटणार. पूर्वी एक होतं तसलं. त्याचं दार वहिनींच्या गुडघ्याला इतक्यांदा लागलं की शेवटी त्यांनीच ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. इथे हवं होतं कमरेएवढं उंच, लांबट, भिंतीलगत बसणारं कपाट. वर कापड कापायला फळा, आत ढीग ठेवायला खण, आणि दारं सरकती.

आणि अशा कपाटाचं सामान घरातच होतं! वहिनींच्या पलंगाखाली सुतळीने बांधलेल्या सहा फळ्या नऊ वर्षं पडून होत्या. आत्याच्या दादाने त्या आणल्या होत्या. दादाला सुतारकामाची हौस दांडगी, हात मात्र यथातथाच. त्याने कॅलेंडरच्या पानामागे कपाटाचं चित्र काढलं, करवत आणली, रंधा आणला, पटाशी आणली, आणि एवढ्यावर त्याची हौस भागली. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडे एक कपाट आहे, पण ते पलंगाखाली झोपलेलं असतं." दादा गेल्यावर त्यांनी हे सांगणं बंद केलं. फळ्या मात्र तिथेच राहिल्या. झाडताना वहिनी त्यांच्याभोवतीने झाडायच्या.

आत्याने फळ्या ओढून बाहेर काढल्या. वहिनींना एक फोन करून विचारावं, असं तिच्या मनात आलं होतं. पण ते तिथेच राहिलं.

चित्राच्या खाली दादाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "वरची खाच खोल, खालची उथळ. दार आधी वर ढकलायचं, मग खाली बसवायचं." खाली दोन रेघा मारल्या होत्या. आत्याने ते तीनदा वाचलं, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दाराचं वरचं टोक वरच्या खोल खाचेत पार घुसवायचं, मग खालचं टोक आत घेऊन सोडून द्यायचं. दार खालच्या खाचेत बसतं, आणि वरचं टोकही खाचेतच राहतं. म्हणजे दार पडतही नाही आणि हवं तेव्हा उचलून काढताही येतं. "दादा," ती कॅलेंडरला म्हणाली, "एवढं कळत होतं, तर केलं का नाहीस रे?"

काम तिने सुतारासारखं केलं नाही, शिंप्यासारखं केलं. तिला दुसरं येत कुठे होतं? आधी वर्तमानपत्रं चिकटवून कपाटाच्या प्रत्येक बाजूचं पूर्ण मापाचं कागदी कटिंग काढलं आणि भिंतीवर एक जुना पडदा टांगून त्याला ते टाचण्यांनी लावून बघितलं. दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून, एखाद्या गिऱ्हाइकाच्या पाठीकडे बघावं तसं बघितलं आणि कपाट दोन इंचांनी आत घेतलं. मग फळ्यांवर शिवणकामाच्या खडूने खुणा केल्या. मापं सगळी गळ्यातल्या टेपने घेतली. हा टेप तिच्याकडे बावीस वर्षं होता. त्याच्या आकड्यांतला सहा पुसून गेला होता आणि सात कुठे आहे ते बोटालाच माहीत होतं.

करवत मात्र तिचं ऐकेना. कात्रीला सांगावं तिथे ती वळते. करवत आपल्या मनाची मालकीण. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी फोड फुटले. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या शिक्षिका स्कर्टचं माप द्यायला आल्या, त्यांना दारात आत्या दिसली ती केसांत भुसा, तोंडात चार स्क्रू आणि एका फळीवर गुडघा रोवून बसलेली.

"आत्या, हे काय चाललंय?"

आत्याने स्क्रू काढून हातावर घेतले. "कपाट शिवतेय," ती म्हणाली. "स्कर्ट पुढच्या आठवड्यात."

चौकट जोडताना तिने आधी कच्चे टाके घातले. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एकेकच स्क्रू, तोही अर्धाच पिळलेला. चौकट उभी करून सगळीकडून बघितली, एका बाजूने ती लंगडत होती तिथे रंधा मारला, आणि मगच गोंद लावून पक्के स्क्रू पिळले. वर आणि खाली पातळ लाकडी पट्ट्या ठोकून दारांसाठी दोन-दोन खाचा तयार केल्या. एक पुढची, एक मागची. वरच्या पट्ट्या जास्त उंच, खालच्या कमी. दादाचा शब्द तिने खाली पडू दिला नाही. चौकट उभी राहिली तेव्हा तिने तिच्यावर पालथ्या मुठीने दोनदा ठोकलं. भक्कम होती. आत्याला इतका आनंद झाला, की तिने दार लावून घेतलं आणि एकटीच हसली.

राहिली दारं. त्यांना पातळ प्लायवूड हवं होतं, आणि प्लायवूड हाताने कापलं की कडा कुरतडल्यासारख्या होतात, हे तिला एका तुकड्यावर कळून चुकलं होतं. म्हणून ती लाकडाच्या दुकानात गेली. तिथल्या मशीनवर एक म्हातारा असायचा. सगळे त्याला कटरवाले काका म्हणत. कानाला पेन्सिल, पापण्यांवर भुसा, आणि बोलणं असं की एक शब्द जास्त गेला तर त्याचा जीव जाईल.

"दोन दारं," आत्याने कागद पुढे केला. "उंची चोवीस, रुंदी एकोणीस."

"बरोबर चोवीस? की थोडं जास्त ठेवू?"

आता गंमत बघा. ही बाई जन्मात कधी कापड नेमकं कापून मोकळी झाली नव्हती. शिवणीसाठी दोन बोटं माया ठेवल्याशिवाय तिची कात्री चालायची नाही. रुंदीतसुद्धा तिने दारं एकमेकांवर दोन बोटं चढतील असा हिशेब धरला होता. पण उंचीच्या बाबतीत, त्याच एका दिवशी, तिला सुतार व्हायची हुक्की आली.

"बरोब्बर चोवीस," ती म्हणाली. "दार आहे, झगा नाही."

काकांनी स्टीलचा टेप लावला, मशीन किंचाळलं, दारं तयार.

घरी येऊन आत्याने पहिलं दार उचललं. वर ढकललं, आत घेतलं, खाली सोडलं. दार खाचेत बसलं. तिने बोटाने ते जरा सरकवलं, आणि दार पुढे कलून तिच्या पायावर पडलं. तिने पुन्हा बसवलं. ते पुन्हा पडलं. दुसरं बसवलं. ते बसवता बसवताच पडलं. दाराचं वरचं टोक खाचेत जेमतेम टेकत होतं. शिंक आली तरी निसटलं असतं.

आत्याचा संताप अनावर झाला. वहिनी यायला सहा दिवस होते. कागदी कटिंग बरोबर, चौकट बरोबर, खाचा दादाने सांगितल्या तशा. म्हणजे चूक कुणाची, हे तिच्या लेखी उघड होतं. दोन्ही दारं काखोटीला मारून ती तडक दुकानात गेली.

"काका, दारं आखूड कापलीत तुम्ही!"

काकांनी मशीन बंद केलं. दार घेतलं, स्टीलचा टेप लावला आणि तिच्यापुढे धरला. चोवीस. ना कमी ना जास्त.

"मग माझी चौकट मोठी झाली?"

"चौकट कशाने मापली?"

आत्याने गळ्यातला टेप काढून दाखवला. काकांनी तो हातात घेतला, दोन बोटांत धरून जरासा ओढला, सोडला आणि परत दिला. "माझा टेप स्टीलचा आहे," ते म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

आत्या घरी आली ती धुसफुसत. माझ्या टेपला नावं ठेवतो! बावीस वर्षांत या टेपने एक कपडा बिघडवला नाही! भिंतीवर खिळ्याला एक लाकडी मीटरपट्टी टांगलेली होती. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, लाकूड कठीण, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. आत्याने पहिलं मशीन घेतलं तेव्हा वहिनींनी ती आणून दिली होती. "दुकान काढताय तर मापात काढा," असं म्हणाल्या होत्या. आत्या ती पट्टी सरळ रेघा मारायला वापरायची; आकडे बघायला गळ्यात टेप होताच. आता तिने पट्टी खाली काढली आणि टेप तिच्या कडेला लावला. पहिला इंच जुळला. पाचवा जुळला म्हणावा इतपत जुळला. विसाव्याला फट दिसायला लागली. पट्टीवर एकोणचाळीस आले, तेव्हा टेप अजून साडेअडतीसलाही पोचला नव्हता.

टेप ताणला गेला होता. बावीस वर्षं गळ्यात लोंबून, ओढून, छाती-कमरेभोवती आवळून तो हळूहळू लांबला होता. कपड्यांत ते कधी कळलं नाही, कारण माप घ्यायचं त्याच टेपने आणि कापड कापायचं त्याच टेपने. दोन्हीकडे तीच चूक, म्हणून कपडे अंगावर चपखल बसायचे. चौकटही सगळी त्याच टेपची, म्हणून तीही आपल्यापुरती बरोबर. खऱ्या टेपने कापली गेली ती फक्त दारं. चोवीस इंचांत तीन सूत आखूड. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढंही नाही. तेवढ्यावर इतक्या दिवसांची मेहनत पायावर पडली होती.

आत्याने टेप पुन्हा गळ्यात टाकला. मग तिला आणखी एक गोष्ट सुचली आणि तशातही तिला हसू फुटलं. गल्लीतल्या तमाम बायका इतकी वर्षं आपली कंबर आहे त्यापेक्षा अर्धा इंच बारीक समजत होत्या. शाळेतल्या शिक्षिका तर मैत्रिणींना अभिमानाने आकडा सांगायच्या. "हे मात्र मी कुणाला सांगायची नाही," आत्याने ठरवलं.

त्याच दुपारी कोटवाले साहेब बाहेरगावाहून आले. खिशात सापडलेला चष्मा त्यांनी टेबलावर ठेवला. "पंधरा दिवस विचार करतोय, मी चष्मा कधी लावायला लागलो." ते गेले आणि आत्या त्या चष्म्याकडे बघत बसली. काच जराशी मळली होती. तिने पदराने नव्हे, गिऱ्हाइकाच्या अस्तराच्या मऊ तुकड्याने ती पुसली. वहिनींनी तिकडे एव्हाना नवा केला असेल. तिकडे त्यांना जागा असेल, खुर्ची मोकळी असेल, चहाही कुणी आयता देत असेल. त्या का येतील परत? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी ते तिने कुणावर ओरडून घालवलं नाही, कारण ओरडायला कुणी नव्हतं.

मग ती उठली. आखूड झालेला कपडा टेलर फेकून देत नाही. खाली पट्टी जोडतो. आणि पट्टी जोडायची तर वेगळ्या रंगाची जोडतो, म्हणजे चूक झाकली असं न वाटता मुद्दाम केलंय असं वाटतं. हवी होती कठीण, गुळगुळीत, सरळ लाकडाची पट्टी. ती समोरच पडली होती, वहिनींनी दिलेली मीटरपट्टी.

निर्णय घ्यायला तिला बराच वेळ लागला. भिंतीवरच्या वस्तूंत ती एकच वस्तू तिला कुणीतरी दिलेली होती. पण ज्यांनी दिली त्याच राहणार नसतील तर पट्टी टांगून काय करायचं, असं तिला वाटलं, आणि तिने करवत घेतली. मीटरपट्टीचे दोन तुकडे केले. दोन्ही दारांना पुरून थोडी उरली. पट्टी एक इंच रुंद, म्हणजे आठ सूत, आणि हवे होते तीन. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने दारं पुन्हा दुकानात नेली.

"काका, दोन्ही दारं खालून पाच सूत कापा."

काकांनी पेन्सिल कानावरून काढली. "काल आखूड म्हणत होतात."

"आखूड आहेत म्हणूनच कापायचीत."

काकांनी तिच्याकडे आणि पट्टीच्या तुकड्यांकडे आळीपाळीने बघितलं. मग ते पहिल्यांदाच हसले. दारं कापून देताना त्यांनी खिशातून एक मेणबत्तीचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. "खाचेत घासा," ते म्हणाले.

गोंद वाळेपर्यंत आत्याने ढिगांना हात घातला. चौथ्या, बिननावाच्या ढिगात तिला सात वर्षांपूर्वीचा एक फ्रॉक सापडला. ज्या मुलीसाठी शिवला ती आता कॉलेजात होती. तो तिने घरी नेऊन दिला, वर शिव्या खाल्ल्या आणि त्या निमूट ऐकून घेतल्या. इतकी कामं तिने त्या चार दिवसांत संपवली, की गल्लीत लोकांना वाटलं आत्या गाव सोडून चालली.

पाचव्या दिवशी तिने दारं बसवली. वर ढकललं, आत घेतलं, खाली सोडलं. खाचेत मेण घासलेलं, पट्टीचं लाकूड कठीण आणि गुळगुळीत. दार एका बोटाने सरकलं आणि टोकाला जाऊन हलकेच थांबलं. नुसतं प्लायवूड असं कधीच सरकलं नसतं. आत्याने ते पंचवीसेक वेळा तरी सरकवलं. मग डाव्या बाजूच्या दोन्ही खणांत कपडे लावले, चिठ्ठ्या टाचून. उजवी बाजू रिकामी ठेवली. शेवटी तिथे वरच्या खणात चष्मा ठेवला आणि दार लावलं.

रविवारी वहिनी आल्या. सोबत भाचा होता, ट्रंक उचलायला. दारात पाऊल ठेवताच वहिनी थबकल्या. खुर्ची मोकळी होती. पलंग मोकळा होता. मशीनमागे तेलपाणी केलेलं एक बुटकं, लांबट कपाट उभं होतं.

"कुणी करून दिलं?" वहिनींनी विचारलं.

"कोण देणार करून?"

वहिनींनी आत्याच्या तळहातांकडे बघितलं. वाकून फळीवरून हात फिरवला. "या माझ्या पलंगाखालच्या फळ्या."

"हो."

"मला विचारलंत?"

"नाही," आत्या म्हणाली. मग घसा साफ करून, "चुकलं माझं."

भाच्याने आईकडे बघितलं. हे शब्द आत्याच्या तोंडून त्याने आजवर ऐकले नव्हते. तो ट्रंकेपाशी जाऊन उगाच तिची कडी तपासू लागला.

वहिनी खाली बसल्या. दाराच्या तळाशी आकडे होते, चौदा, पंधरा, सोळा; त्यांनी त्यावर बोट फिरवलं. "ही पट्टी तर मी दिलेली."

"दारं आखूड झाली. टेप ताणला गेलाय माझा." आत्याला लपवता येईना. "बावीस वर्षं सगळ्यांची मापं अर्धा इंच कमी येतायत. तुमचीही. कंबर छत्तीस नाही तुमची."

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या आणि एवढ्या हसल्या की त्यांना नवा चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आणि मी सुनेला ऐकवत होते!"

हसत हसतच त्यांनी दार सरकवलं. कपडे, चिठ्ठ्या, नीट घड्या. मग ते मिटून दुसऱ्या बाजूचं सरकवलं. रिकामे खण आणि वर त्यांचा जुना चष्मा.

"हा खण कुणाचा?"

"तुमचा."

वहिनींनी चष्म्याला हात लावला नाही. त्यांनी दोन्ही दारं एकदम उघडून बघायचा प्रयत्न केला. "हे काय? एक उघडलं की दुसरं झाकतंय."

"सरकती दारं आहेत. एका वेळी एकच बाजू उघडते."

"म्हणजे तुम्ही तिकडे कापड उपसत बसला असाल आणि मला माझं काही हवं असेल, तर?"

"तर मला विचारायचं. मी सरकवीन."

"आणि तुम्हाला हवं असेल तेव्हा?"

हे आत्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस कपाट केलं, खाचा केल्या, दारं केली, आणि आपल्या घरात विचारल्याशिवाय उघडणार नाही अशी एक वस्तू आपणच करून ठेवली.

"तेव्हा मी विचारीन," ती म्हणाली.

"विचाराल? तुम्ही?" वहिनी तिच्याकडे रोखून बघत होत्या, आता त्या हसत नव्हत्या. "विचारा बघू. एकदा ऐकू तर द्या."

आत्याने गळ्यातला टेप काढला, हाताला गुंडाळला, पुन्हा सोडला. वहिनींनी नाही म्हटलं तर? तर नाही म्हणतील. दार पायावर पडलं होतं तेव्हा ती मेली नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "राहाल का इथे? मला तुमच्याशिवाय करमत नाही."

भाच्याच्या हातातली कडी खणखणली.

वहिनींनी त्याच्याकडे वळून बघितलं. "ट्रंक इकडे आण रे," त्या म्हणाल्या. "आणि बाजारातून एक टेप घेऊन ये. स्टीलचा."

मग त्यांनी ट्रंक उघडली, वरच्या साड्या-शाली मांडीवर घेतल्या आणि कपाटाकडे वळल्या. मघाच्या खटाटोपात दार पुन्हा उजवीकडे सरकलं होतं. आत्याची बाजू उघडी होती आणि त्यांची झाकलेली.

"वन्सं, जरा दार सरकवता का?" वहिनी म्हणाल्या. "मला माझं सामान लावायचंय."

आत्याने एका बोटाने आपली बाजू मिटली आणि वहिनींची उघडली.